कुर्त्याखालचा पट्टा

बाई, मी शिवलेल्या एका कपड्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही असता तर तो हातात घेऊन आधी उलटा केला असता, कारण तुमच्या शिवणक्लासात कुठल्याही कपड्याची सुलट बाजू तुम्ही आधी पाहिलेली मला आठवत नाही. मग मला काही सांगावंही लागलं नसतं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं असतं आणि तेवढं पुरलं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पेपर चालू होते. आईने चार दिवस उशिरा कळवलं, कारण मी पेपर टाकून गावी येईन अशी तिला भीती वाटली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या परीक्षेपुढे सगळं घर दबकून वागायचं. त्याला आता नऊ वर्षं होतील. मी टेक्सासमध्ये आहे, डॅलसच्या वरच्या अंगाला फ्रिस्को म्हणून गाव आहे तिथे. गाव म्हणायचं इतकंच. कालपर्यंत शेतं होती, आता एकसारखी विटांची घरं आणि त्यांच्यामधून सहा पदरी रस्ते, ज्यांच्या कडेने कोणी चालत नाही. नोकरी चांगली आहे. अपार्टमेंटमध्ये एकटी राहते. शुक्रवारी ऑफिसातून निघताना सगळे ‘हॅव अ गुड वीकेंड’ म्हणतात, आणि त्यानंतर रविवार सकाळपर्यंत कधी कधी मी माझा स्वतःचा आवाज ऐकत नाही. शिवणयंत्र घेतलंय, विजेवरचं, प्लास्टिकचं. तुमच्या पायमशीनपुढे तुम्हाला ते खेळणं वाटेल. घरभर कार्पेट आहे, पडलेली टाचणी दिसत नाही, पायात घुसते तेव्हा सापडते.

इथे आले त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंच्या ब्लाउजचा हुक तुटला आणि मी पर्समधल्या सुईदोऱ्याने बाथरूममध्ये उभ्या उभ्या तो लावून दिला. “काहून गं, सुई घेऊन फिरते तू?” काकू म्हणाल्या. नागपूरच्या. पुढच्या रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं, त्याच्या पुढच्याही रविवारी, आणि मग बोलावणं बंद झालं, कारण मी येणार हे धरलेलंच असायचं. काका टेलिकॉममध्ये इंजिनिअर होते. दोन हजार एक साली त्या सगळ्या कंपन्यांनी माणसं काढली, त्यात त्यांची नोकरी गेली, आणि पन्नाशीत त्यांनी पेट्रोल पंपाला लागून असलेलं एक दुकान घेतलं. दूध, सिगरेटी, बिअर, लॉटरीची तिकिटं. दोघं आळीपाळीने काउंटरवर उभे राहतात. मुलगा न्यू जर्सीत. माझ्यासाठी त्या घरात एक ठरलेली खुर्ची होती, बाई, आणि मी गेले की काकू विचारत नसत, सरळ ताट घेत. एवढ्यावर माझा आठवडा उभा होता, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, दुपारी तीनच्या सुमाराला, दुकानात एक माणूस शिरला आणि त्याने काकांच्या कानावर बाटली फोडली. काय नेलं ते महत्त्वाचं नाही. काकांना अकरा टाके पडले, डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं. काकू तिथेच उभ्या होत्या. हॉस्पिटलात मी पोहोचले तेव्हा त्या स्वतःचे दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. “असेच ठेवले होते मी काउंटरवर. उचललेच गेले नाहीत, पोरी. काकांचं रक्त वाहून राहिलं आणि मी पाहून राहिली.”

दोन महिन्यांनी त्यांनी पिस्तूल घेतलं. दोघं इथले नागरिक झालेले आहेत, त्यामुळे त्यांना ते सहज मिळतं. माझ्यासारख्या व्हिसावर असलेल्यांना बाळगता येत नाही. मी रविवारी गेले तर जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बाजूला, एक काळी प्लास्टिकची पेटी. मुलगा स्पीकरफोनवर ओरडत होता, “मॉम, आर यू सिरियस? तुला पिकलची जार उघडत नाही!”

“जार पप्पा उघडतात,” काकू म्हणाल्या. “त्या दिवशी पप्पाच खाली पडले होते.”

बाई, मला बंदूक नको वाटते. तुम्हाला माहीत आहे मी कशी होते, निबंधात पहिली ओळ ‘आपण सर्वांनी’ अशी लिहिणारी. अजून तशीच आहे. इथल्या ऑफिसात यावर वाद झाला की मी तावातावाने बोलते, आकडे काढून दाखवते. पण त्या टेबलापाशी मी फक्त वरण वाढून घेतलं.

पिस्तूल अंगावर बाळगायचा परवाना काढायचा तर वर्ग करावा लागतो. काकूंनी बायकांसाठी असलेला वर्ग शोधला आणि सोबत म्हणून मला नेलं. शिकवणारी साठीची, उंच, पांढऱ्या केसांची बाई, मोठ्या आवाजाची आणि प्रत्येकीला ‘हनी’ म्हणणारी. तिने सुरुवात कपड्यांपासून केली. ते ऐकताना मला तुमच्या क्लासात बसल्यासारखं वाटलं. पुरुषांचं सोपं असतं, ती म्हणाली, जाड पँट, जाड पट्टा, वर सैल शर्ट. बायकांच्या कपड्यांना कुणी धड खिसा देत नाही, मग पिस्तुलाला जागा कोण देणार? ऑफिसची पँट आणि जॅकेट असेल तर कमरेवर मागच्या बाजूला, पण जॅकेटचं अस्तर जाड हवं, नाहीतर वाकताच आकार उठतो. फ्रॉक असेल तर पोटावरून रुंद इलॅस्टिकचा पट्टा, मांडीवरचा नको, चालताना घसरतो. घोट्याला बांधायचं तर पँटची खालची मोहरी रुंद हवी आणि गुडघे तरुण हवेत. पर्समध्ये ठेवू नका, चोर आधी पर्सच ओढतो, आणि नाहीतर तुम्हीच ती किराणाच्या गाडीत ठेवून दुधाकडे जाता. सगळ्या हसल्या. मग ती काकूंपुढे येऊन थांबली.

“हे काय म्हणायचं याला?”

“पंजाबी ड्रेस,” काकू म्हणाल्या.

“दुकानात हाच घालता?”

“रोज.”

“पट्टा कुठे लावता?”

काकूंनी कुर्त्याची कड जराशी उचलून सलवारीची नाडी दाखवली. ती बाई खाली वाकून बघत राहिली. “हे सगळं एका दोरीवर उभं आहे?”

“पन्नास वर्षं उभं आहे,” काकूंनी तिला इंग्रजीत सांगितलं, आणि मला मराठीत, “इतकी काहून पाहून राहिली ही, पूल आहे का तो?”

घरी येऊन काकूंनी तेच केलं जे आपल्यातली कुठलीही बाई करेल. पिस्तुलाचं क्लिपवालं कव्हर सरळ नाडीवर अडकवलं. पिस्तूल रिकामं होतं, काकांनी तीनदा बघितलं होतं. काकू ऐटीत स्वयंपाकघरातून हॉलकडे निघाल्या, फ्रिजपर्यंत आल्या आणि सलवार एका बाजूने गुडघ्यावर आली. “बापा! पिस्तूल राहिलं, पायजमा गेला!” मार्चनंतर काका पहिल्यांदा हसले, टाक्यांची जागा हाताने धरून हसले. काकू एका हाताने सलवार धरून मला म्हणाल्या, “तू शिवते नं? मग शिव काहीतरी. त्या गोरीला आपले कपडे काय समजतात.”

तेव्हा मी नाही म्हणू शकत होते. काकू, मला हे पटत नाही, मी हे शिवणार नाही. दोन वाक्यं. त्या रागावल्या असत्या, कदाचित दोन रविवार गप्प राहिल्या असत्या. मी म्हणाले, “बघते काकू.”

आणि मग मी त्यात रमले, हेही लपवत नाही. वर्गातल्या बाईने सरावाचं निळं रबरी पिस्तूल दिलं होतं, मापाला. वजनासाठी मी पाऊण किलो साखरेची पिशवी बांधली. तुम्ही माप घेताना बाईला आधी उभी करायचात, मग स्टुलावर बसवायचात, मग जमिनीवरची कात्री उचलायला सांगायचात, आणि तिन्ही वेळा टेप लावायचात. मी काकूंना तसंच केलं. बसल्यावर साखर पोटात रुतते, वाकल्यावर कुर्त्यातून उठते. साडीचंही बघून घेतलं, कारण मंडळाच्या कार्यक्रमांना त्या साडी नेसतात. साडीत डावी कंबर उघडी असते आणि उजवीवरून पदर वर जातो, म्हणजे झाकायला जागा आहे पण हात घालायला वाट नाही. साडीचा नाद मी सोडला. कुर्त्याला मात्र दोन्ही बाजूंना कट असतो. उजवीकडचा कट दोन इंच वर घेतला की हात आत जातो आणि बाहेरून काही कळत नाही. आत, सलवारीशी काही संबंध न ठेवता, कॅनव्हासचा चार इंची पट्टा, पोटावर वेलक्रोने बसणारा, त्याला आतून मऊ सुती अस्तर, उजवीकडे कडक कव्हर बसेल असा कप्पा. ओढणी डाव्या खांद्यावर पिन करायची, एकेरी.

तुम्ही मला पुण्याला पाठवताना दोन ड्रेस शिवून दिले होते. आमच्या गावात तेव्हा कुठल्या मुलीच्या कुर्त्याला खिसा होता? तुम्ही दोन्हींना बाजूच्या शिवणीत खिसा ठेवलात, बाहेरून अजिबात न दिसणारा, ओळखपत्र आणि खोलीची किल्ली मावेल एवढा. “बसमध्ये चढताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत,” म्हणालात. ते ड्रेस विटले तरी मी टाकले नाहीत, खिसे उसवून पुढच्या ड्रेसना लावले. काकूंचा कप्पा मी त्याच पद्धतीने बसवला, तोच तिरका काप, तीच दुहेरी टीप.

आता उलट बाजू. पिस्तूल आपोआप बाहेर पडू नये म्हणून मुठीवरून एक छोटी पट्टी येते आणि ती टिच बटणाने बंद होते. वर्गातल्या बाईने स्पष्ट सांगितलं होतं, एकच बटण, अंगठ्याने ढकललं की सुटेल असं हलकं. माझ्याकडे तशी बटणं होती. मी ती बाजूला ठेवली आणि जाड कोटाला लावतात ती मोठी लोखंडी टिच बटणं घेतली, एक नाही, दोन. आणि कप्प्याचं तोंड पाऊण इंच आत घेतलं. मनात म्हटलं, उघडायला वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात काकूंना सुचेल की हे करू नये. तेवढ्या वेळात समोरचा पळूनही जाईल. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. अंधूक अभिमानही वाटला, की मी वाद न घालता एका माणसाला वाचवलं, कदाचित दोघांना. काकूंना मी सांगितलं, “दोन बटणं सेफ्टीसाठी आहेत काकू.” त्यांनी पट्टा गालाला लावून बघितला. “किती मऊ केलं आतून! माझ्या आईनंही माझ्यासाठी एवढं मन लावून शिवलं नसेल.”

मी दहावीत असताना तुमच्याकडे एक नवी सून ब्लाउज टाकून गेली होती. मागचा गळा तिने नऊ इंच सांगितला होता, वहीत लिहिलेला होता. मला ते शोभत नाही असं वाटलं. मी सात इंच कापला. कुणी विचारलं तर मापात चूक झाली म्हणायचं, असं ठरवून ठेवलं होतं. तुम्ही ब्लाउज उलटा केलात, वही बघितलीत, आणि आवाज न चढवता म्हणालात, “पटत नव्हतं तर काम घ्यायचं नव्हतं. घेतलंस तर तिचं माप, तुझं नाही.” मग मला तिच्या घरी पाठवलंत, एकटीला, खरं काय ते सांगायला. तिची सासू ओट्यावर बसून ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत आले तर तुम्ही दुसरा ब्लाउज कापायला दिलात. कॅनव्हासवर ती दोन बटणं ठोकताना तो दिवस मला आठवला नाही, हे तुम्हाला खरं वाटेल का? आठवला तो तीन आठवड्यांनी, वर्गाच्या शेवटच्या दिवशी.

त्या दिवशी गोळीबाराची परीक्षा होऊन गेली आहे आणि काकू चांगल्या गुणांनी पास झाल्या आहेत. परवान्याला एवढं पुरतं. पण ती उंच बाई जाता जाता एक सराव घेते, रबरी पिस्तुलाने, वर्गातच, खुर्च्या बाजूला सारून. स्वतःच्या रोजच्या कपड्यांत उभं राहायचं, ती टाळी वाजवेल, तीन सेकंदांत पिस्तूल हातात यायला हवं. एक नर्स करते. एक शाळेची क्लार्क फ्रॉकमध्ये करते आणि सगळ्या टाळ्या वाजवतात. काकू उभ्या राहतात, निळा कुर्ता, ओढणी पिन केलेली. टाळी. हात कटमधून नीट आत जातो, मी तो जाताना बघते. मग तिथे तो अडतो. एक बटण निघतं, दुसरं निघत नाही. “पुन्हा, हनी.” टाळी. पुन्हा अडतो. तिसऱ्या वेळी काकू दोन्ही हात लावतात, ओढणीची पिन सुटते, आणि त्या वाकून, दात आवळून कुर्त्यात ओढत राहतात. हसत कुणी नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती बाई जवळ येऊन पट्टा तपासते. अंगठा बटणावर ठेवून दाबते. “ही बटणं फार कडक आहेत,” ती म्हणते, आणि सरळ माझ्याकडे बघते. “कुणी लावली?”

मी तोंड उघडायच्या आत काकू बोलतात. दम लागलेला असतानाच, मोडक्या इंग्रजीत, माझ्यासमोर हात आडवा धरून. “नो नो. शी इज व्हेरी गुड. हर वर्क इज फर्स्ट क्लास. इट इज माय हँड्स.” आणि दोन्ही हात पुढे करून तिला दाखवतात. “दे डोन्ट वर्क.”

मी तोंड मिटलं. बाई, तिथे साताठ सेकंद होते, भरपूर.

परतताना मी गाडी चालवत होते. टोल रस्त्याला लागल्यावर काकू म्हणाल्या, “तेव्हाही उचलले गेले नव्हते.” मी वळायचं म्हणून आरशात बघत राहिले. परवाना टपालाने आला, तो त्यांनी पाकिटातून बाहेर काढला नाही. पिस्तूल काकांनी परत दिलं. काकू काउंटरवर उभ्या राहायच्या बंद झाल्या. आधी म्हणाल्या बरं नाही, मग म्हणाल्या हातात जोर राहिला नाही, एखादा शिरला तर माझा उपयोग काय. काका एकटे सोळा सोळा तास उभे राहायला लागले आणि काकू घरी फोनजवळ बसून दर तासाला त्यांना फोन करायला लागल्या. डॉक्टरकडे गेल्या, हातांचे एक्स-रे काढले. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने उत्तम आहेत. काकूंनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. रविवारी पोळ्या लाटताना मला म्हणायच्या, “तू लाट, माझ्या धड होत नाहीत,” आणि माझ्या वाकड्या पोळ्या काका मुकाट्याने खायचे. मी लाटत असायचे आणि मला बोलायचं असायचं. प्रत्येक रविवारी गाडीत बसताना मी ठरवून निघायचे, आणि त्या ताट घ्यायच्या.

माझा बंदुकीवर अजून विश्वास नाही. काकूंच्या कमरेला ती असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि ती नाही म्हणून काही वाईट घडलं असंही नाही. पण ते मी त्यांना तोंडाने सांगायला हवं होतं. मी ते त्यांच्या कुर्त्याखाली शिवलं आणि त्यांचा त्यांच्या हातांवरचा विश्वास घालवला. मार्चनंतर त्यांच्याकडे तेवढाच परत येत होता.

या फेब्रुवारीत त्यांनी दुकान विकलं आणि दोघं मुलाकडे जर्सी सिटीला गेली. निघताना काकूंनी मला मिठी मारली, माझ्यासाठी मसाल्याच्या बाटल्या ठेवून गेल्या, नावाच्या चिठ्ठ्या लावून. आता रविवारी सकाळी अकराला त्यांचा फोन येतो. एकोणिसाव्या मजल्यावरून नदी दिसते म्हणतात, खाली उतरून कुठे जात नाहीत. मागच्या वेळी सांगत होत्या, दाराचं कुलूप त्यांच्याकडून फिरत नाही, सून येईपर्यंत त्या बाहेर पडत नाहीत. “हात कामातून गेले बघ माझे.” मी म्हणाले, “काळजी घ्या काकू.”

बाई, तुम्हाला हे पाठवायचं नाही, हे काय मी सांगायला हवं? आणि जिथे पाठवायला हवं तिथला पत्ता माझ्याकडे आहे, फ्लॅटच्या नंबरासकट. हेच सगळं मी त्यांना लिहायला तीनदा बसले. ‘प्रिय काकू’ लिहिलं आणि उठले. तुम्हाला लिहिताना हात थांबला नाही, आणि का ते मला माहीत आहे. तुम्ही हे वाचून रविवारचा फोन बंद करणार नाही.